दप्तर बदलण्याविषयी मोहन आठल्ये यांचे स्पष्ट मत

सकाळी साडेसहाला मुक्ताच्या दप्तराचा उजवा पट्टा चौथ्यांदा तुटला आणि मोहन आठल्ये चौथ्यांदा दाभण शोधायला लागला.

"बाबा, आता तरी नवीन घ्या ना. क्लास में सब हसतात," मुक्ता म्हणाली. ती सहावीत होती आणि दप्तर पहिलीपासूनचं होतं.

"पट्टा तुटला म्हणजे दप्तर गेलं असं होत नाही. तळ शाबूत आहे ना? मग झालं तर!"

"तळ शाबूत आहे, कारण मी आतून साडीचा तुकडा लावलाय," सुमेधा स्वयंपाकघरातून म्हणाली. "मालविकावहिनींनी ग्रुपवर टाकलंय बघा. दप्तर दरसाल बदलावं, फार तर तीन वर्षांनी. नाहीतर मुलांची पाठ एकदम खराब होते, म्हणे."

मालविकावहिनी म्हणजे मोहनची पुण्याची भावजय. तिच्याकडून काशीला रोज सकाळी ज्ञान येई आणि ते मोहनला रोज सकाळी झोंबे. "दुपारी सविस्तर उत्तर देतो," असं म्हणून त्यानं पट्टा शिवला, गाठ मारली आणि दातांनी दोरा तोडला.

घरात मोहनला प्रत्येक विषयावर मत होतं. कार्यालयात मात्र एकाही विषयावर नव्हतं, आणि त्याला कारण होतं. त्याच्या खात्यात दर तीन वर्षांनी बदलीचा नियम होता आणि मोहन मैदागिनच्या कार्यालयात त्याच खुर्चीवर अकरा वर्षं बसला होता. रामघाटच्या गल्लीतल्या घरापासून तिथवर दहा मिनिटांची वाट. दुपारी एकला घरी यायचं, गरम वरणभात जेवायचा, डाव्या कुशीवर वीस मिनिटं पडायचं आणि परत जायचं. हे सुख एकदा गेलं की पुन्हा मिळायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता. कार्यालयाच्या ग्रुपवर अकरा वर्षांत त्यानं जोडलेल्या हातांखेरीज काही पाठवलं नव्हतं.

त्या दुपारी वामकुक्षी जरा जास्तच छान लागली. ताजातवाना होऊन तो खुर्चीवर येऊन बसला आणि वहिनीला उत्तर लिहायला घेतलं.

"दप्तर दर ३ वर्षांनी बदललंच पाहिजे, हा नियम मूर्ख आहे. मी स्वतः ११ वर्षं एकच दप्तर वापरलं, काहीही बिघडलं नाही. बदलण्याचा आग्रह धरणारे सगळे व्यापारी असतात. माझं स्पष्ट मत आहे की तळ फाटेपर्यंत दप्तर बदलू नये. – मोहन आठल्ये."

घरच्या ग्रुपचं नाव होतं 'काशीकर आठल्ये'. त्याच्याच खाली होता 'काशी कार्यालय परिवार'. मोहनचं बोट जाड होतं.

पाच मिनिटांनी हेडक्लार्क मिसिरजी तोंडातलं पान सावरत धावत आले. "गुरू, ई का लिख दिये? लखनऊ वाले साहब भी इसी ग्रुप में हैं!"

मोहननं फोन पाहिला आणि ग्रुपचं नाव दोनदा वाचलं. मराठीतलं दप्तर मुलांच्या पाठीवर असतं. इथल्या लोकांचं दफ्तर म्हणजे कचेरी, आणि दफ्तर बदलणं म्हणजे तबादला, बदली. त्रेसष्ट जणांच्या हिंदी डोळ्यांनी मराठी क्रियापदं ओलांडून नेमकं हवं तेवढं उचललं होतं: दफ्तर बदलना, तीन वर्ष, नियम मूर्ख, सगळे व्यापारी. आणि वर स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सहीनिशी, ११ वर्षं.

त्यानं घाईघाईनं मजकूर पुसला. तो फक्त त्याच्याच फोनवरून पुसला गेला.

तेवढ्यात कर्मचारी संघाचे अनिमेष पांडे झेंडूचा हार घेऊन आत शिरले. "वाह आठल्येजी! ग्यारह साल चुप रहे, बोले तो सीधे तबादले के व्यापारियों का नाम ले लिये! पूरा संघ आपके पीछे खड़ा है."

"भाई, पीछे मत खड़े होइए. घर जाइए," मोहन काकुळतीला आला. पण हार तोवर गळ्यात पडला होता आणि मिसिरजींनी फोटो काढला होता. फोटोही त्याच ग्रुपवर गेला.

मग नीरजा मॅडमचं बोलावणं आलं. मॅडम कार्यालयाच्या प्रमुख. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या. आवाज गोड, पण गोड आवाजातच त्यांनी दोघांना निलंबित केलेलं होतं. मोहन आत गेला तेव्हा हार काढायचा राहून गेला होता.

"आठल्येजी, लखनऊ से दो बार फोन आ चुका. नियम मूर्ख है? हम लोग व्यापारी हैं?"

"मॅडम, वो दफ्तर नहीं, दप्तर है. हमारी मराठी में दप्तर माने... वो बच्चे पीठ पर ले जाते हैं."

"बस्ता?"

"नहीं नहीं, बस्ता नहीं!" मोहन घाबरून म्हणाला. "बस्ता माने तो हमारे यहाँ शादी के कपड़े."

"किसकी शादी है?" दाराशी उभ्या पांडेजींनी आनंदानं विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आठल्येजी, आपकी भाषा में किसी चीज़ का मतलब वही है जो होना चाहिए?"

शेवटी ठरलं की पुरावा दाखवावा. मोहननं घरी फोन केला. मुक्ता नुकतीच शाळेतून आली होती. "दप्तर घेऊन ऑफिसात ये, लगेच!" एवढंच तो म्हणाला. फोन सुमेधानं उचलला होता आणि ती खूश झाली. दप्तर दुकानात दाखवून त्याच मापाचं नवं घ्यायचं असणार, असा तिनं अर्थ लावला, मुक्ताला तसं सांगितलंही आणि दप्तर घेऊन पंधरा मिनिटांत एकटीच हजर झाली.

दप्तर मॅडमच्या टेबलावर ठेवलं गेलं. मोहननं पुराव्यासाठी ते जरा उचलून धरलं मात्र, टर्र आवाज झाला आणि तळ गेला. इतिहास, भूगोल, कंपासपेटी आणि डब्यातली उरलेली अर्धी मठरी लखनऊच्या फायलीवर पडली.

मॅडम कितीतरी वेळ हसत होत्या. "हे भगवान, बच्ची रोज़ ये उठाती थी? मान गई, आठल्येजी. बस्ता ही है. मैं लिख देती हूँ कि टिप्पणी स्कूल बैग पर थी, विभाग पर नहीं."

मोहनला हायसं वाटलं. त्याचे डोळेसुद्धा जरा ओले झाले. त्यानं हार काढला, मठरीचा चुरा पुसला आणि वाकून नमस्कार केला.

"एक बात रह गई," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "लखनऊ वालों ने पूछा तो मैंने आपकी फाइल निकलवाई. अलमारी के पीछे गिरी पड़ी थी. दफ्तर में भी पूरे ग्यारह ही साल निकले."

सहा वाजता आदेश हातात पडला. रामनगर कार्यालय, सोमवारपासून. गंगेपलीकडे, दोन ऑटो बदलून, पुलावरच्या गर्दीतून. दुपारचं जेवण डब्यातलं, आणि आडवं व्हायला टेबलसुद्धा नाही. गल्लीतून घरी येताना मोहनला रडू यायचंच बाकी होतं. अकरा वर्षं तोंड मिटून राखलेलं सुख एका बोटानं घालवलं होतं, आणि दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

घराच्या पायरीवर मुक्ता बसली होती. तिची वह्यापुस्तकं शेजारी भाजीच्या पिशवीत होती. "बाबा, क्या हुआ?"

दिवसभर त्याच एका शब्दाचा कीस पाडून त्याचं डोकं पार बधिर झालं होतं. "दप्तर बदललं," तो खोल आवाजात म्हणाला.

मुक्ता टुणकन उठली आणि त्याच्या कमरेला मिठी मारून ओरडली, "सच्ची? आई, बाबांनी बदललं! कुठल्या कलरचं आहे, बाबा?"

मोहननं तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं असा काही आनंद होता की खरं सांगायला त्याची जीभ रेटेना.

"निळ्या," तो म्हणाला, आणि दुकानं बंद व्हायच्या आत चौकाकडे पळत सुटला.