हर्मन अंकलच्या डाव्या हाताला

हर्मन अंकलच्या गाडीत पुढे, डावीकडे कुणी बसायचं नाही. ऑस्ट्रेलियातही गाडी चालवणारा उजवीकडे बसतो, म्हणजे त्यांच्या शेजारची सीट कायम रिकामी. पण त्या रिकाम्या सीटचाही पट्टा लावलेला असतो. पहिल्या दिवशी मी ते दार उघडलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मागे बस. तिथे विली आहे."

मी मागे बसले. टूवूंबा या आमच्या गावात बस फार कमी, युनिव्हर्सिटी लांब, आणि घरमालक स्वतः सोडतोय म्हटल्यावर वाद कोण घालणार? नव्वदीला टेकलेला गोरा म्हातारा गाडी हाकतोय आणि मागे वसईची पोरगी राणीसारखी बसलीय, हे पाहून वर्गातला एक मुलगा म्हणाला, "शोफर कुठे मिळाला, मेट?"

'अंकल' या हाकेलाही त्यांची हरकत होती. "तुझ्या बापाचा मी भाऊ आहे का?" पण एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. शेवटी त्यांनी हार मानली.

तरुणपणी ते जर्मनीत फुटबॉल खेळायचे, गोल करणारे सेंटर फॉरवर्ड होते. युद्धात मोडलेल्या एका कोळशाच्या गावात, विटांचे ढिगारे सारून केलेल्या मैदानावर ते खेळायला लागले. त्यांच्याच संघातला विली डाव्या कडेने पळायचा, चेंडू उंच टाकायचा, आणि हर्मन डोक्याने तो जाळ्यात घालायचे. आपली सगळी कारकीर्द ते एका वाक्यात सांगतात, "विली पाठवतो, मी पोचवतो." पेपरात नाव मात्र हर्मनचं. देशाच्या संघाच्या चाचणीचं बोलावणंही एकट्या हर्मनला आलं. तिथे डावीकडे दुसराच कुणी होता. त्याचा चेंडू हातभर मागे आला, हर्मन हवेतच वळले आणि गुडघा गेला. मग काही वर्षं लहान संघांतून लंगडत खेळले आणि बोटीने इकडे आले. इथेही एका जर्मन क्लबकडून उतरले.

"गोल झाले का?" मी विचारलं.

"थोडे. इथे डावीकडे कुणी नव्हतं."

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे जे कळत नाही ते गप्प राहून ऐकायची सवय आहे. पण काही गोष्टी ऐकून अंगावर काटा यायचा. चौकात आले की अंकल विचारायचे, "डावीकडे मोकळं?" मग थांबायचे. मग "बरं" म्हणून गाडी पुढे काढायचे. संध्याकाळी मागच्या अंगणात कुंपणाकडे पाठ करून उभे राहायचे, डावीकडे बघायचे आणि जेमतेम बोटभर उडी मारून हवेला डोकं लावायचे. "जरा उंच टाकलास रे!" अंगणात चेंडू नसायचा. तरी एकदा, कपडे वाळत घालताना, कुंपणाच्या फळीवर धप्प झालेलं मी ऐकलं. निदान मला तसं वाटलं.

मग जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, एका सकाळी दाट धुकं होतं. अंकलनी एकदम ब्रेक दाबला. क्षणभराने डाव्या झुडपातून एक कांगारू उडी मारून गाडीच्या नाकासमोरून गेला.

"तुम्हाला दिसला कसा?"

"मला कुठे दिसला? तो म्हणाला, थांब."

त्या दिवशी मी वसईला आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं बाय, त्या बिचाऱ्याच्या आत्म्याला शांती नाही. म्हणून तो म्हाताऱ्याच्या गाडीतून हिंडतोय. तू त्याच्या नावाने एक मिस्सा मांड." आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत अडलेल्या आत्म्यासाठी चर्चमध्ये अशी प्रार्थना करवणं हाच उपाय. अंकलच्या जुन्या संघाच्या फोटोखाली विलीचं पूर्ण नाव होतं, ते मी इथल्या फादरना दिलं. अंकलना बरं वाटेल, असं मला खरंच वाटत होतं.

रविवारी चर्चमध्ये अंकल माझ्या शेजारी बसले असताना फादरनी ते नाव वाचलं. दिवंगत. त्यांना चिरशांती लाभो.

अंकल उभे राहिले. आधी त्यांनी डावीकडे पाहिलं, बाकावरच्या रिकाम्या जागेकडे. मग माझ्याकडे. ते भिंतीचा आधार घेत बाहेर गेले. मी मागे धावले. बाहेर धुक्यात ते गाडीला टेकून उभे होते.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय, अंकल?"

"फोन आला? जर्मनीहून? कधी गेला?"

"कुणाचा फोन नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलता, म्हणून मला वाटलं की ते..."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग चिडून म्हणाले, "मेलेल्यांशी मी कशाला बोलू? माझी बायको मेली. तिच्याशी बोलताना ऐकलंस कधी?"

"मग विली कुठे आहेत?"

"मी आधी निघालो. तो पुढच्या बोटीने येणार होता. त्याची आई आजारी पडली. येतो, असं त्याने कळवलं होतं. त्यानंतर काही नाही."

"मी शोधू? इंटरनेटवर पाच मिनिटांत..."

"नको!" ते ओरडले. पार्किंगमधल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आणि तो नसला तर? मग चौकात मी कुणाला विचारू?"

मी फोन पर्समध्ये ठेवून दिला.

"आत जा," ते म्हणाले. "फादरला सांग, चूक झाली. पुढच्या रविवारी त्याचं नाव प्रवासाला निघालेल्यांच्या प्रार्थनेत घे म्हणावं."

मिस्सा संपल्यावर मी फादरना गाठलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे हे गृहस्थ जिवंत आहेत?"

"हो, फादर."

"आणि निघालेत कुठे?"

"इकडेच," मी म्हणाले. "टूवूंबाला."