नाउम्बुर्गला कशाला उतरायचं?

"सांगून ठेवतो, नाउम्बुर्गचा विषय आज काढायचा नाही," लोथार कुएनेलनं हाले स्टेशनच्या फलाटावरच बायकोला बजावलं. विषय कुणीच काढला नव्हता. रोझविथा मांडीवर केकचा डबा घेऊन गप्प बसली होती. पण चाळीस वर्षांच्या संसारात न काढलेला विषयही ऐकू येतो, आणि हा तर दर सप्टेंबरात याच फलाटावर ऐकू यायचा.

लोथारच्या बहिणीचा, गुडरूनचा, वाढदिवस एरफुर्टला असे. वाटेत नाउम्बुर्ग लागे. द्राक्षमळ्यांच्या मागून कॅथेड्रलचे मनोरे वर येत आणि घोटभर कॉफी पिऊन होईस्तोवर मागे पडत. रोझविथा दरवर्षी म्हणे, "उतरू या का?" लोथार म्हणे, "तासाभरासाठी? तासाभरात काय डोंबल दिसणार? पाहायचं तर सवडीनं पाहावं." शिवाय गुडरूनकडे तीनला कॉफी, आणि तिच्याकडे तीन म्हणजे तीन. सवड काही मिळाली नाही. आता पुढच्या महिन्यात दोघं घर आवरून समुद्राकाठी, कीलला मुलीजवळ राहायला जाणार होती. गुडरूननंही यापुढे वाढदिवसाला तिकडेच यायचं कबूल केलं होतं. म्हणजे या मार्गावरची ही शेवटचीच फेरी. हे रोझविथाला ठाऊक होतं आणि लोथारलाही, म्हणूनच तो आधीच गुरगुरत होता.

गाडीत त्यांच्याबरोबर हार्निशबाई नावाची एक अनोळखी बाई होती. झालं असं, की लोथारनं पाच जणांना चालणारं दिवसभराचं एकच तिकीट काढलं होतं आणि तिकिटातल्या तीन जागा फुकट जाताहेत हे त्याला पाहवेना. त्यानं फलाटावरच "एरफुर्टकडे कोण?" असा पुकारा केला. हार्निशबाई वायमारला निघाल्या होत्या. बाईंबरोबर प्रिंझ नावाचा लांबोडका, आखूड पायांचा कुत्रा होता आणि बाईंना प्रत्येक गोष्टीवर मत होतं.

"नाउम्बुर्ग? मी पाहिलंय," मनोरे दिसू लागताच त्या म्हणाल्या. "आत गारठा आहे. जाकीट हवं."

"आणि कॅथेड्रल?" रोझविथानं विचारलं.

"तेच सांगतेय. फार सुंदर आहे, पण जाकीट हवं."

"ऐकलंस?" लोथार म्हणाला. "आपल्याकडे जाकिटं नाहीत."

रोझविथा नुसती खिडकीबाहेर पाहत राहिली. तिनं भांडण केलं असतं तर लोथारला परवडलं असतं. पस्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलेला माणूस, आरडाओरड त्याला पचायची. बायकोचं गप्प बसणं मात्र पचत नसे.

गाडी नाउम्बुर्गला थांबली. मागून येणारी उशिरा धावणारी जलद गाडी आधी पुढे जाईल, अशी घोषणा झाली. लोथार उठला.

"मी खाली उतरून तुला कॅथेड्रलचा फोटो काढून आणतो. म्हणजे पाहिल्यासारखंच झालं."

"फोटो?" रोझविथा म्हणाली.

"घरी निवांत बघत बस. जाकीटही लागणार नाही."

तो टोपी घालून, फोन घेऊन उतरला. दारासमोरून मनोरा दिसेना, म्हणून थोडा पुढे गेला. तिथे दिव्याचा खांब आडवा आला, म्हणून आणखी पुढे. मग मालगाडीचा डबा आडवा आला. इकडे जलद गाडी धडधडत निघून गेली, शिट्टी झाली, दारं मिटली, आणि रोझविथाला खिडकीतून फक्त नवऱ्याची पाठ दिसली. एक डोळा मिटून तो अजून नेम धरत होता.

"अहो, तुमचे हे राहिले की," हार्निशबाई म्हणाल्या.

"दिसलं मला."

"आणि तिकीट?"

"त्याच्या खिशात."

हार्निशबाईंनी प्रिंझला उचलून छातीशी धरलं, जणू आता जप्ती येणार होती. जप्ती नाही, पण तिकीट तपासनीस आला.

"तिकीट नवऱ्याच्या खिशात आहे आणि नवरा नाउम्बुर्गला," रोझविथानं खरं ते सांगितलं.

"आणि तुमचं?" त्यानं हार्निशबाईंना विचारलं.

"माझंही यांच्याच नवऱ्याच्या खिशात."

तपासनिसानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. तो मूळचा भला माणूस असावा. "पुढच्या स्टेशनात उतरा," तो म्हणाला. "समोर परतीची गाडी उभी असेल, तिच्यातल्या माणसाला मी सांगतो. नवऱ्याला फोन तरी करा."

फोनची आणखीच गंमत होती. रोझविथाचा फोन घरी कपाटात होता, हरवू नये म्हणून. लोथारचा नंबर तिला पाठ नव्हता, तो त्या कपाटातल्या फोनमध्ये होता. पाठ होता फक्त गुडरूनचा घरचा नंबर. हार्निशबाईंच्या फोनवरून तिनं तो पुन्हा पुन्हा लावला, आणि दरवेळी तो व्यस्त लागला.

"वाढदिवस आहे ना, लोक फोन करत असतील," हार्निशबाई म्हणाल्या.

"तीनला पोचलो नाही तर गुडरून आम्हाला दारात उभं करणार नाही," रोझविथा म्हणाली, आणि तिनं पुन्हा नंबर लावला.

परतीच्या गाडीनं दोघी, कुत्रा आणि केक नाउम्बुर्गला आले. फलाटावर लोथार नव्हता. बाकावर नव्हता, जिन्यावर नव्हता. रोझविथानं पर्स चाचपली. त्या माणसाला रक्तदाबाची गोळी चालू होती आणि ती गोळी तिच्या पर्समध्ये होती.

"टोपीवाले आजोबा ना?" रोझविथानं विचारल्यावर पाव विकणारी बाई म्हणाली. "इथे बसून बराच वेळ फोनवर बोलत होते. मग ट्राममधून गेले."

"ट्राम कुठे जाते?"

"गावात. कॅथेड्रलच्या बाजूला. दुसरीकडे ती जातच नाही."

"मग ते माझे यजमान नव्हेत," रोझविथा म्हणाली. पण गेली ट्रामनंच.

कॅथेड्रलच्या दाराशी हार्निशबाई थबकल्या. "प्रिंझला आत सोडायचे नाहीत. मी बाहेर बसते. केक ठेवा माझ्याकडे." आणि आपलं जाकीट काढून त्यांनी रोझविथाच्या खांद्यावर टाकलं.

आत खरंच गारठा होता. रोझविथा खांबांमधून जवळजवळ धावतच गेली. जे पाहायला चाळीस वर्षं जीव टाकला त्यातलं काही तिला दिसत नव्हतं, ती फक्त एक टोपी शोधत होती. पश्चिमेच्या टोकाला, जिथे देवळाला देणग्या देणारे जुने सरदार आणि त्यांच्या बायका दगडात उभ्या आहेत, तिथे ती टोपी सापडली. लोथारनं ती हातात धरली होती आणि मान वर करून तो त्यांतल्या ऊटा नावाच्या सरदारपत्नीच्या पुतळ्याकडे पाहत होता. ऊटानं गारठ्यात घ्यावी तशी कॉलर गालाशी ओढून घेतली आहे. शेजारी नवरा उभा आहे आणि दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. लग्नाला बरीच वर्षं झालेली दिसतात.

"लोथार."

तो दचकून वळला. "आलीस? कुठे होतीस तू? मी इथे कधीचा शोधतोय."

"मला? इथे?"

"मग कुठे? मला वाटलं, गाडी हातातून सुटलीच आहे, तर ही परत येऊन आधी कॅथेड्रल गाठेल. मला कशाला शोधत बसेल?"

"मी स्टेशनभर तुलाच शोधत होते, बावळटा," रोझविथा म्हणाली. तिनं पर्समधून गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. "गुडरून आता काय म्हणेल?"

लोथारनं टोपी गोल गोल फिरवली. "फोन केला होता तिला."

"मग? चिडली?"

"म्हणाली, देव पावला."

"आँ?"

"म्हणाली, माझी अजून आंघोळ व्हायचीय. दर वाढदिवसाला मी पहाटेपासून धावत असते, कारण तू तीनच्या ठोक्याला दारात उभा राहतोस. तुला उशीर खपत नाही, म्हणून कधी बोलले नाही. आज पहिल्यांदा पाय वर करून पडलेय. सावकाश या, सातला आलात तरी चालेल. मग तासभर गप्पाच मारत बसली."

रोझविथा त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे तीनची कॉफी गुडरूनलाही नको होती. राग आला, चांगला गळ्यापर्यंत आला. पण तेवढ्यात खिडकीच्या रंगीत काचेतून ऊन आलं आणि लोथारच्या टकलावर निळा डाग पडला. त्या निळ्या टकलासकट तो इतका ओशाळवाणा दिसत होता, की ती हसत सुटली. त्या उशिरा आलेल्या जलद गाडीचे, मिटलेल्या दारांचे आणि आडव्या आलेल्या खांबाचे तिनं मनोमन आभार मानले. मग मान वर करून पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि नवऱ्याचा हात धरला.

त्यानंतर लोथारला आवरणं कठीण झालं. तो प्रत्येक पुतळ्यापुढे थांबला, प्रत्येक पाटी वाचली, आणि शेवटी रोझविथालाच म्हणावं लागलं, "चल, सात वाजतील." बाहेर हार्निशबाई उन्हात बसल्या होत्या. डब्यातला अर्धा केक गायब होता.

"कुत्र्यावर आळ घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मीच खाल्ला. फार छान झालाय."

उरलेला तिघांनी तिथेच पायरीवर बसून संपवला. रोझविथाला इतका गोड केक कधी लागला नव्हता.

कीलच्या नव्या घरात आता एक फोटो टांगलेला आहे. त्यात दिव्याचा खांब, मालगाडीचा अर्धा डबा आणि कोपऱ्यात लोथारचा अंगठा आहे. पाहुण्यांनी विचारलं की रोझविथा कौतुकानं सांगते, "हे नाउम्बुर्गचं कॅथेड्रल." मग कुणीतरी हमखास विचारतं, की वाटेत तासभर मिळाला तर तेवढ्यासाठी उतरावं का. रोझविथा नुसती नवऱ्याकडे बघते.

"बेधडक उतरा," लोथार म्हणतो. "फक्त तिकीट बायकोकडे द्या."