गालिच्यांचा आपसांतील संवाद

आमच्या हॉलमध्ये दुसरा गालिचा आणण्याचा निर्णय सर्वानुमते झाला, असे मी कार्यालयात सांगत असे. वस्तुतः निर्णय माझ्या एकट्याचा होता आणि तो मी साडूच्या घरून परतताना बसमध्ये घेतला. साडूच्या हॉलमध्ये तीन गालिचे होते. एकावर एक, कडा मुद्दाम तिरक्या ठेवलेले. मी ते मोजत असताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून, तुमचं अजून एकावरच चाललंय का, अशी चौकशी केली. आजाऱ्याची करतात तशी.

मी छापील अर्जांचे नमुने तयार करणाऱ्या विभागात अधीक्षक आहे. कोणत्या रकान्यात काय लिहावे हे ठरवण्यात माझी एकवीस वर्षे गेली. त्यामुळे घरातही रीतसर जायचे ठरवून मी एका सजावट सल्लागार बाईंना बोलावले. त्यांनी आमच्या जुन्या विटकरी गालिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हा एकटा पडलाय, असे निदान केले. आठ वर्षे मी त्याच्यावर पाय ठेवून पेपर वाचत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, याची लाज वाटली. दोन गालिच्यांत संवाद हवा, असे बाईंचे म्हणणे पडले. एक रंग दोघांत सारखा, नक्षी एकाची मोठी तर दुसऱ्याची बारीक, आणि एकाची कड दुसऱ्यावर वीतभर चढलेली.

निळा गालिचा आला. त्याच्या कोपऱ्यात विटकरी फुले होती, म्हणजे नियमात बसत होता. पण आठवडाभर वाट पाहूनही संवाद काही सुरू होईना. माझ्या आईने आयुष्यभर शिवणकाम केले आहे, कापडातले तिला कळते. तिला विचारले तर म्हणाली, भांडण झाल्यावर पाठ करून बसतात तसे दिसतात दोघं. मत तोंडी असल्यामुळे मी ते विचारात घेतले नाही. बाईंनी मात्र मध्यस्थ म्हणून तिसरा, राखाडी गालिचा सुचवला. तो आल्यावर तिघेही अधांतरी तरंगताहेत असे बाईंना वाटू लागले. त्यांना जमिनीवर आणायचे तर खाली तागाचा मोठा गालिचा हवा होता. जमीन त्या कामाला पुरेशी नव्हती.

चौथा आला त्या दिवशी हॉलचे दार उघडेना. सुताराला बोलावले. त्याने वाकून गालिच्यांची चळत पाहिली आणि उचलणं सोपं की कापणं, असे सहज विचारले. सजावटीत दार ही दुय्यम बाब असते, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने दार खालून दोन बोटे कापले. माझी बायको एका प्रयोगशाळेत रक्त तपासते, पुराव्याशिवाय बोलायची तिला सवय नाही. त्या दिवशी तिने दाराचा कापलेला तुकडा उचलून कपाटात ठेवला.

तिसऱ्या दिवशी आई काठीसकट अडखळली. पडदा हाती लागला म्हणून पडली नाही. पडद्याच्या तीन कड्या तुटल्या. मी चौकशी केली. चौकशीअंती असे आढळले की चारही गालिचे आपापल्या जागी होते, दोष चालण्याच्या पद्धतीत होता. तेव्हा मी एक तक्ता तयार केला: ‘हॉलमधील ये-जा : मार्ग व सूचना’. प्रवेश डाव्या अंगाने करावा. निळ्यावरून राखाडीवर जाताना पाऊल पुरेसे उचलावे. काठीचे टोक तागावरच टेकवावे. बाण काढले, ठळक अक्षरांत छापून घेतले आणि भिंतीवर लावले. आईने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. छपाई छान आलीय, म्हणाली.

त्यानंतर एकही अपघात झाला नाही. कार्यालयात मी हे उदाहरण म्हणून सांगितले, साहेबांनी मान डोलावली. घरी जेवतानाही सांगितले.

“अठरा दिवसांत शून्य,” मी म्हणालो.

“अठरा दिवसांत आई हॉलमध्ये आलेल्याच नाहीत,” बायको म्हणाली.

आई खाली मान घालून जेवत राहिली. तिची दुपार हॉलच्या खिडकीशी जायची. समोरचा चांभार, शाळेतून सुटलेली पोरं, पलीकडच्या बाल्कनीतल्या एका बाईशी नुसत्या हातवाऱ्यांनी चाललेल्या गप्पा. आता ती स्वयंपाकघरात बसायची, जिथून भिंत दिसते. मला हे माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. मी रोज तिच्या शेजारून पाणी प्यायला जात होतो. त्यासाठी रकाना नव्हता, इतकेच.

तरीही मी गालिचे उचलले नाहीत, कारण रविवारी साडू यायचा होता.

साडू आला आणि दारातच उभ्या उभ्या त्याने मोजले. एक क्षण त्याचा चेहरा उतरला. त्या एका क्षणासाठी मी चार महिने खपलो होतो. कडा एकमेकींवर कशा चढवल्या आहेत हे दाखवायला मी दोन पावले मागे सरकलो, टाच निळ्याच्या कडेत अडकली आणि पुढचा कार्यक्रम मी खालून पाहिला. घोटा गेला होता. साडूने मला बखोटीला धरून बसवले. बायकोने घोटा दाबून पाहिला आणि शांतपणे विचारले,

“कोणत्या मार्गाने चालला होतात?”

हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि घरात सुटे गालिचे आहेत का, असे विचारले. आहेत म्हणालो. किती, तर चार. एकाच खोलीत, हे कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले, माझ्याकडे पाहिले, परत उचलले आणि लिहिले: सर्व काढणे. यात अपवादाची काही तरतूद आहे का, असे मी विचारले. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले.

दोन गालिचे साडू घेऊन गेला, मदत म्हणून. उरलेले दोन बायकोने गुंडाळून माळ्यावर टाकले. दाराखालच्या फटीतून आता शेजाऱ्यांचे मांजर मान न वाकवता आत बघते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई काठी टेकत आली आणि खिडकीशी बसली. मी प्लास्टर घेऊन शेजारीच होतो. पलीकडच्या बाल्कनीतल्या बाईने दोन्ही हात पसरून, होतीस कुठे, असे विचारले. आईने माझ्या पायाकडे बोट दाखवले. माहिती चुकीची होती, पण मी दुरुस्ती सुचवली नाही. थोड्या वेळाने मी तिला म्हटले, पडायची भीती वाटत होती तर बोलायचं होतंस.

“पडायची कसली भीती,” ती म्हणाली. “माझ्या काठीनं सारखी कड दुमडायची. तू उठून ती सरळ करायचास. बोलायचा काही नाहीस. पण दर वेळी उठायचास.”

समोरचा चांभार एका चपलेला टाके घालत होता, ते मी शेवटच्या टाक्यापर्यंत मोजले.

पाय बघायला कार्यालयातली मंडळी आली. त्यांना मी सगळे साग्रसंगीत सांगितले आणि ती पोट धरून हसली. सर्वांत जास्त हसला तो आवक-जावक कारकून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. घरी जाऊन त्याने वडिलांना विचारले होते की तुम्ही हॉलमध्ये का बसत नाही. बसतो की, वडील म्हणाले, तू कामावर गेलास की बसतो.

“आमच्याकडे एकही गालिचा नाही हो,” तो म्हणाला. “नुसता पांढरा सोफा आहे.” त्याचा आवाज हसण्याचा नव्हता.

आपणही मघापासून हसत आहात, त्याला माझी हरकत नाही. फक्त हे वाचायला आपण घरातली सर्वांत चांगली जागा धरली असेल, तर बाकीची माणसे कुठे बसली आहेत ते एकदा उठून बघून यावे. कोणाची तक्रार नाही, असे आपण म्हणाल. आमच्याकडेही कोणाची नव्हती.