असली फवारा रेणापूरचा

माल खपवायचा कसा, हे मला कोणी शिकवू नये! नांदेडच्या एका नव्या कारखान्यानं ‘फवारा’ नावाचा जिरासोडा काढला आणि लातूर जिल्ह्याची एजन्सी मी घेतली. अडचण एकच, फवाऱ्याला कुत्रं विचारत नव्हतं.

“श्रीशैलभाऊ, ह्याला कोण वळखतंय?” देवणीचा दुकानदार ग्यानोबा बाटली उलटीसुलटी करत म्हणाला.

“वळखत न्हाई? अरे, निजामाच्या काळातला माल हाय! रेणापूरचे नागप्पा, माझे सासरे, त्यांच्या आज्यानं काढला. निजामाचा सुभेदार घोडा थांबवून प्यायचा!”

सासऱ्यांचा आजा काय करायचा, देव जाणे. पण ग्यानोबानं दोन खोकी उतरवून घेतली! मग मी गावोगाव तेच सांगत सुटलो. औशाला जाईपर्यंत घोडाही सोडा पिऊ लागला. निलंग्यात तर सुभेदाराला कमी पडला.

ऐन मे महिन्यात ग्यानोबाचा फोन. “भाऊ, खोकी वापस घेऊन जा. लोक म्हणायलेत, हा डुप्लिकेट हाय.”

“डुप्लिकेट? थेट कारखान्यातून येतोय की!”

“तेच तर! बाटलीवर नांदेड लिवलंय. गिऱ्हाईकाला असली रेणापूरचा पायजे.”

बायकोला, दामिनीला, टेम्पोत बसवलं आणि रेणापूर गाठलं. सासऱ्यांच्या दारात मोटारसायकलींची ही रांग! ओट्यावर मामा फेटा बांधून बसलेले. पुढ्यात गोटी सोड्याच्या बाटल्या, बर्फ, भाजलेलं जिरं. वर पाटी: ‘असली फवारा. आमची कोठेही शाखा नाही.’

“मामा, हे काय करायलात?”

“लोकच यायला लागले, जावईबापू. म्हणले, आज्याचा सोडा द्या. आज्याला ताकाबिगर काही येत नव्हतं. पण दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणावं?”

“अहो, माझी एजन्सी जाईल!”

तेवढ्यात कंपनीचे साहेबच गाडीतून उतरले. लातूरची खोकी परत का येतात, हे बघायला नांदेडहून निघालेले, वाटेत त्यांना कोणीतरी सुभेदाराचा घोडा आणि रेणापूरचा पत्ता सांगितला होता. माझी पाचावर धारण बसली. साहेब एक ग्लास प्याले. दुसरा मागितला. मग वाकून मामांच्या पाया पडले.

“श्रीशैल, मूळ घराणं घरात असताना आम्हाला कळवलं नाही?”

आता खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर दामिनीनं कोपर मारलं. “गप बसा! माझ्या पणजोबांबद्दल एक शब्द काढाल तर!” तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

एजन्सी मामांना मिळाली. बाटलीवर आता त्यांचा फेट्यातला फोटो असतो. टेम्पो माझाच आहे, चालवतोही मीच.

परवा धोंड्याच्या महिन्याचं जेवण म्हणून मामांनी बोलावलं. जावयाचा मान! चांदीचं काहीतरी मिळेल म्हणून मी नवा शर्ट घालून गेलो. मामांनी कुंकू लावलं आणि फवाऱ्याचं एक खोकं हातात ठेवलं.

“कंपनीचा हाय,” ते म्हणाले. “असली गिऱ्हाईकालाच पुरंना झालाय.”

मी एक बाटली फोडून तिथंच प्यालो. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? असलीची सर नाही!