अकमारलच्या उशीखालची चावी

शनिवारी सकाळी दहाला तोक्तारने काचेच्या कपाटातलं स्फटिकाचं मोठं भांडं बाहेर काढलं, आणि ते रिकामं बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताराझमधल्या प्रत्येक घरात असं एक भांडं असतं. ते बघायचं असतं, वापरायचं नसतं. म्हणून तर त्याने त्यातल्या टॉफ्यांच्या ढिगाखाली आपली चावी लपवली होती.

चावी म्हणजे दाराची नव्हे. अंगठ्याच्या पेराएवढी चकचकीत वस्तू, संगणकाच्या कडेला खोचायची. खोचली की गाणी जुळवायचं सॉफ्टवेअर चालू होतं, काढली की बंद पडतं. कुणी फुकटात नक्कल करून घेऊ नये म्हणून कंपनीने केलेला हा बंदोबस्त. तोक्तारने त्यासाठी दोन महिन्यांची कमाई घातली होती. त्याआधी तोही ताराझमधल्या बाकी वादकांसारखं कुलूप फोडलेलं सॉफ्टवेअर वापरायचा आणि त्याला त्याची लाज वगैरे मुळीच वाटत नसे. पण एका लग्नात, नवरीच्या तोंडावरचा पदर उचलायचं गाणं ऐन रंगात असताना ते फुकटचं सॉफ्टवेअर बंद पडलं. नवरी अर्धा पदर उचललेल्या अवस्थेत वीस मिनिटं वाकून उभी राहिली. तिच्या सासूने तोक्तारला जे काही ऐकवलं, त्यानंतर त्याने प्रामाणिकपणे जगायचं ठरवलं.

आज दुपारी चार वाजता त्याच्या सासऱ्यांच्या सत्तरीचा तोय, म्हणजे मोठी मेजवानी होती. दोनशे माणसं जेवायला येणार होती. सासरे, सेइतकाझी अता, म्हणजे निवृत्त ट्रक ड्रायव्हर, पण दोन तारांची दोम्ब्रा अशी वाजवायचे की पंक्तीतले लोक घास हातात धरून बसत. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि दोम्ब्रा भिंतीवर गेली. त्यांनी स्वतः बांधलेली एक धून होती. हात शाबूत असताना तोक्तारने ती चाळीस तुकड्यांत ध्वनिमुद्रित करून घेतली होती. कुठे खोकला, कुठे किटलीची शिट्टी, कुठे नातवंडांची मारामारी. चांगले तुकडे निवडून त्याने ते एकमेकांना जोडले होते आणि शेवटचा हात तेवढा फिरवायचा राहिला होता. अतांना तोयमध्ये ती धून ऐकायची होती. भेट म्हणून दुसरं काही नको, असं त्यांनी सगळ्या जावयांना बजावलं होतं, आणि बाकीच्या दोन जावयांनी हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला होता.

"आई! भांड्यातल्या टॉफ्या कुठे गेल्या?"

"उधळल्या काल," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझ्या बहिणीच्या, आयगेरीमच्या कानात तिच्या होणाऱ्या सासूने कर्णफुलं घातली, तेव्हा शाशू नको उधळायला? का नुसत्या टाळ्या वाजवायच्या?"

 शुभकार्यात शाशू उधळतात त्यात टॉफ्या असतात, सुकामेवा असतो, नाणी असतात. मुठीत चकचकीत काही लागलं तर आईला त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं.

"आणि उचललं कुणी?"

"मला काय ठाऊक! पन्नास बायका होत्या. मी उधळायला उभी होते, पहारा द्यायला नव्हे."

बायकोने, कलामपिरने, नणंदेच्या फोनवरचा कालचा व्हिडिओ लावला. तिघं डोळ्यांत तेल घालून बघू लागली. संथ गतीने बघितल्यावर दिसलं: आईच्या मुठीतून चावी उडाली, होणाऱ्या व्याह्यांच्या टकलावर आपटली, तिथून उसळली आणि चौथ्या मजल्यावरच्या झामाल आपाने ती हवेतच झेलली. सहासष्ट वर्षांच्या बाईने असा झेल घ्यावा, हे बघून तोक्तारलाही क्षणभर कौतुक वाटलं.

तो जिने चढून वर गेला. झामाल आपाने त्याला आधी चहा पाजला, मग चावीचं नाव काढताच पेला खाली ठेवला.

"ती? ती माझ्या सुनेच्या, अकमारलच्या उशीखाली आहे."

"आपा, ती माझी आहे. चुकून उधळली गेली."

"शाशू चुकून उधळला जात नाही, बाळा. मिळालेला शाशू म्हणजे शुभशकुन, तो परत मागायचा नसतो. तुझ्या आईने शिकवलं नाही वाटतं?"

"मी त्याच्या बदल्यात दुसरं काही देतो. सोन्याचं देतो!"

"सोन्याचं काय करू? त्या पोरीचं मागच्या वर्षी सातव्या महिन्यात गेलं. या खेपेला नऊ महिने भरलेत आणि रात्र-रात्र तिचा डोळा लागत नव्हता. काल ती चावी उशीखाली ठेवली आणि सकाळी आठपर्यंत झोपली. आता तू ती काढून नेणार? ने. तूच आत जा आणि तूच सांग तिला."

तोक्तार आत गेला नाही. तो काही दगडाच्या काळजाचा नव्हता. खाली येऊन त्याने आईला मध्यस्थी करायला सांगितलं, तर आई उलट त्याच्यावरच उखडली. "गरोदर बाईचा शाशू काढून घेणार? माझ्या घरातून असलं पाप होणार नाही. लिही तुझ्या कंपनीला."

त्याने कंपनीला लिहिलं. लगेच उत्तर आलं, कारण ते माणसाने लिहिलेलं नव्हतं. आपण आमचे सन्माननीय ग्राहक आहात. चावी हरवल्यास ती आम्हाला परत पाठवावी, म्हणजे सात आठवड्यांत नवी पाठवण्यात येईल.

तोपर्यंत मेयराम आला. हा लग्नाकार्यांत कीबोर्ड वाजवणारा तोक्तारचा दोस्त; आजच्या तोयमध्ये स्पीकर त्याच्याकडेच होते. सगळी हकिगत ऐकून तो पोट धरधरून हसला.

"घे अजून विकत! मी एक तेंगे न मोजता सात वर्षं वाजवतोय. माझी कुठली चावी कुणाच्या उशीखाली गेली नाही."

"मग तुझ्या चोरीच्या सॉफ्टवेअरवर उघडून दाखव ना!"

मेयरामने ऐटीत आपला लॅपटॉप उघडला. त्यातलं सॉफ्टवेअर पाच वर्षांपूर्वीचं होतं, कारण त्यापुढचं कुलूप अजून कुणाला फुटलं नव्हतं. तोक्तारची फाइल नवी असल्याचं सांगून त्या सॉफ्टवेअरने हात टेकले. मेयरामने आणखी दोन कळा दाबल्या, तेव्हा पडद्यावर एक कवटी आली आणि लॅपटॉप कायमचा झोपला.

"हे असं नेहमी होत नाही," मेयराम म्हणाला.

शेवटी तोडगा कलामपिरने काढला. "चावी खाली येत नसेल तर संगणक वर न्या. अकमारलपासून दूर न्यायची नाही एवढंच ना?"

झामाल आपाला हे पटलं. मग संगणक, पडदा, स्पीकर आणि वायरींचं भेंडोळं चार मजले चढवण्यात तोक्तार आणि मेयराम घामाघूम झाले. अकमारल पलंगावर अवघडून बसली होती. तिने स्वतःच उशीखालून चावी काढून दिली आणि विचारलं, "चावीला दुखणार नाही ना?" तोक्तार नाही म्हणाला. साडेबाराला सॉफ्टवेअर उघडलं. चाळीस तुकडे ओळीने पडद्यावर आले. त्याने कामाला हात घातला, आणि पाऊण तासात फक्त धूनची अखेरची फाइल बनवणं राहिलं.

तेवढ्यात अकमारल म्हणाली, "आई गं."

"काय झालं?" झामाल आपाने विचारलं.

"सुरू झालं."

पुढच्या दहा मिनिटांत काय झालं ते तोक्तारला नीटसं आठवत नाही. कुणीतरी चावी ओढून काढली, पडद्यावर "कृपया चावी लावा" असं आलं, आणि खाली रुग्णवाहिका बोंबलायला लागली. जिन्यातून उतरणाऱ्या अकमारलच्या मुठीत ती चावी घट्ट होती. दीड वाजला होता.

"चल," मेयराम म्हणाला. "गाडीत टाक सगळं."

"कुठे?"

"प्रसूतिगृहात. अजून कुठे!"

प्रसूतिगृहात पुरुषांना आत सोडत नाहीत. त्यामुळे खाली अंगणात नवरे, सासरे आणि दीर माना वर करून उभे असतात, आणि वरच्या खिडक्यांतून बायका दोरी सोडून सूप, सफरचंदं आणि मोजे वर ओढून घेतात. पहिल्या मजल्याच्या तिसऱ्या खिडकीतल्या अकमारलला तिचा नवरा, झामाल आपाचा मुलगा, खालून हाका मारत होता. तोक्तारने मेयरामच्या गाडीच्या बॉनेटवर संगणक मांडला. पहारेकऱ्याच्या खोलीतून वीज घेतली. त्याबद्दल पहारेकऱ्याने अतांच्या तोयचं आमंत्रण मागून घेतलं. मग सुपाच्या डब्याबरोबर पाच मीटरची वायर दोरीला बांधून वर पाठवली.

"वहिनी, चावी मुठीतच ठेव! फक्त तिचं टोक या वायरीत घाल!"

अकमारलने घातलं. खाली सॉफ्टवेअर उघडलं. अंगणातले सगळे नवरे भोवती गोळा झाले. फाइल बनायला चार मिनिटं लागणार होती. दुसऱ्या मिनिटाला वर कळ आली, मूठ आवळली, वायर निसटली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या मिनिटाला निसटली.

खिडकीत नर्स आली. "हे काय लटकतंय?"

"शाशू आहे," अकमारल धापा टाकत म्हणाली.

"वायरवाला?"

"हो."

नर्सने खाली बॉनेटकडे बघितलं, वर अकमारलकडे बघितलं. मग हळूच चावीला बोट लावून ते आपल्या कपाळाला लावलं. "माझ्या सुनेलाही सहावा महिना आहे," ती म्हणाली. "लवकर आटपा."

"वहिनी," तोक्तार खालून ओरडला, "राहू दे! तुला होत नसेल तर राहू दे. मी अतांना सांगेन."

"गप्प बसा हो," वरून आवाज आला. "कळ आता गेली. पुढची यायला पाच मिनिटं आहेत. लावा."

अंगणात वीस पुरुष श्वास रोखून उभे राहिले. पट्टी शेवटपर्यंत भरली. अतांची धून एका पेनड्राइव्हवर उतरली तेव्हा अंगणात असा जल्लोष झाला की वरच्या चार खिडक्यांतल्या बायकांना आपल्यालाच काही झालं की काय असं वाटलं.

तोय सुरू होऊन अर्धा तास झाला होता तेव्हा दोघं धापा टाकत पोचले. मेयरामने पेनड्राइव्ह लावला. दोन तारांचा तो आवाज दालनात पसरला आणि दोनशे माणसांचं बोलणं थांबलं. अता मान खाली घालून ऐकत होते. त्यांचा थरथरणारा हात मांडीवर होता, आणि धूनबरोबर त्याची बोटं बरोबर जागच्या जागी पडत होती. तोक्तारला भरून आलं. त्याने ते लपवलं नाही. नंतर अतांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं आणि बाकीच्या दोन जावयांकडे बघितलंसुद्धा नाही.

सहा वाजता झामाल आपाचा फोन आला. मुलगी झाली, चार किलोची, आई आणि बाळ दोघी सुखरूप. बाळंतीण घरी आल्यावर चावी परत मिळेल, पण आधी नर्सच्या सुनेला तीन महिने हवी आहे.

बुधवारी अता तोक्तारच्या दारात येऊन उभे राहिले. बूटही न काढता, चहाला नाही म्हणत. असं कधी होत नसे.

"त्या कंपनीचा पत्ता दे."

"कुठल्या कंपनीचा, अता?"

"कुलूपवाल्या. मला माझ्या धूनला एक चावी करून घ्यायची आहे."

"अहो, पण झालं काय?"

"काल मिनीबसने मेर्केला चाललो होतो. ड्रायव्हरने गाणं लावलं. ऐकतो तर माझी धून! मी विचारलं, काय रे, ही कुणाची? तर म्हणतो, जुनी लोकधून आहे, आजोबा, तुम्हाला नाही कळायची. मला! तुझ्या त्या मेयरामने तोयमध्ये मागेल त्याला वाटली ती. अर्ध्या ताराझच्या फोनमध्ये आहे. कुणाचं नाव नाही, गाव नाही!"

तोक्तार मनातून सुखावला. कुलुपाची बाजू समजणारा माणूस त्याला घरातच सापडला होता. "मग तुम्ही सांगितलं ना त्याला, धून माझी आहे म्हणून?"

"सांगणारच होतो," अता जरा खाली बसले. "पण तेवढ्यात संपली. मी म्हटलं, पुन्हा लाव. मग पुन्हा लाव. गाडीतले लोकही ऐकत होते. एक बाई रडलीसुद्धा. मेर्के मागे गेलं, मी उतरलोच नाही."

"मग?"

"मग काय. उतरताना म्हटलं, माझ्याही फोनमध्ये टाक." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर लिहिलं होतं: जुनी लोकधून, रचनाकार अज्ञात. "चार दिवस झाले, तू कुठे दिलीस मला?"

 नक्कल होऊ नये म्हणून तोक्तारने पेनड्राइव्ह कपाटात कुलपात ठेवला होता, आणि अतांना द्यायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"देतो, अता. आत्ता देतो, तुमच्या नावासकट. आणि कुलूपही लावून देतो. पण मग फोनमधली ही चोरीची पुसावी लागेल."

अतांनी पटकन फोन उचलून परत खिशात घातला आणि वरून कोटाचं बटण लावलं.

"ही राहू दे," ते म्हणाले. "बाकीच्यांना लाव."