तांबेबाई आणि चिंचपोकळीचा प्रशिया

तुमच्या इमारतीची कमिटी बिनविरोध निवडून आली, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या का? खरं सांगा. वाजवल्या असतील तर तांबेबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका. त्या चष्मा काढतील, तुमच्याकडे टक लावून बघतील आणि एकच शब्द उच्चारतील, "प्रशिया!"

इतर बायका जिथं "अगं बाई" म्हणतात किंवा "मेला" म्हणतात, तिथं तांबेबाई "प्रशिया" म्हणतात. बाकावर एखादा गृहस्थ मांड्या पसरून तिघांची जागा अडवून बसला, की प्रशिया. दूध उतू जाऊन बाजूच्या बर्नरवर पसरलं, प्रशिया. शेजारणीची तुळशीची कुंडी रोज बोटभर बाईंच्या दाराकडे सरकायची. बाई मला कुंडी दाखवून म्हणाल्या, "बघ, अस्साच वाढत गेला तो." आमच्या आवारातल्या निम्म्या माणसांना जर्मनी नकाशात दाखवता येणार नाही. पण प्रशिया म्हणजे काहीतरी दांडगट, एवढं सगळ्यांना कळतं.

बाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. इतर शिक्षक गडकिल्ल्यांत आणि तहांत रमतात, बाई रमल्या जर्मनीच्या एकीकरणात. पुस्तकात त्याला जेमतेम दोन पानं. बाई दिवाळीपर्यंत त्या दोन पानांवर मुक्काम करायच्या आणि उरलेलं जग जानेवारीनंतर घाईघाईत उरकायच्या. नावं मात्र त्या कधी घेत नाहीत. ज्याने प्रशिया या सगळ्यांत दांडग्या संस्थानाच्या जोरावर जर्मनीची बाकीची संस्थानं ठोकून-ठोकून एक केली, तो चॅन्सेलर म्हणजे "मोठी मिशी". आणि साठेक वर्षांनी ज्याने त्याच देशाची लोकशाही गिळली, तो "छोटी मिशी".

"मोठ्या मिशीनं बांधलं, छोट्या मिशीनं जाळलं," बाई म्हणतात. "मधल्या काळात माणसं काय करत होती? हे परीक्षेला येणार."

हे त्या कोळणीलाही सांगतात. बोंबील निवडता निवडता.

आता आमच्या आवाराबद्दल. चिंचपोकळीत एकाच आवारात आमच्या तीन चाळी, आणि मध्ये दोन भिंती. थोरली चाळ सगळ्यांत मोठी. माणसं जास्त, आवाज जास्त, व्यायामशाळा तिची. मधली चाळ कोकणातल्या लोकांची, मी तिथली. तिसरी पल्याडची चाळ, ती बौद्ध कुटुंबांची, तांबेबाई तिथल्या. तिन्ही चाळींचे नळ वेगळे, उत्सव वेगळे, भांडणंसुद्धा ज्याची त्याची. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. मग बिल्डर आला. त्याने सांगितलं, तिघांची मिळून एक सोसायटी करा, तरच टॉवर. ज्या भिंती माणुसकीने कधी हलल्या नाहीत, त्या चौरस फुटांनी एका सकाळी पाडल्या.

पुढाकार अर्थात थोरलीचा. अध्यक्ष थोरलीचे बापू परब. रिटायर्ड, धिप्पाड, आणि मिशी अशी की चहाच्या कपात आधी ती उतरते. भिंत पाडायच्या दिवशी घणाला हार घातला होता. वडे होते, ताशा होता. बापूंनी पहिला घाव घातला आणि आवारात जयजयकार झाला. बाई खुर्चीवर बसून शांतपणे वडा खात होत्या. बापू नमस्काराला आले तशा म्हणाल्या, "या, चॅन्सेलर."

बापूंना शब्द आवडला. पुढच्याच आठवड्यात आवाराच्या तोंडाशी फ्लेक्स लागला: 'एकजुटीचे शिल्पकार, आपले लाडके चॅन्सेलर, बापू परब.' फोटोत हात जोडलेले. मी बाईंना ओढत नेऊन तो दाखवला. बाईंनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"आता याला काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "आनंदात आहे बिचारा."

एकी झाली, आणि आवारातलं बोलणं बंद झालं. पाण्याच्या पंपाची वेळ बदला, असं मधलीतल्या सुरेखाकाकीने म्हटलं, तर थोरलीतून उत्तर आलं, "आत्ताच एक झालोय, लगेच फूट पाडू नका." भिंत पाडण्याच्या दिवशीचे वडे खारट होते असं कोणीतरी कुजबुजलं, तर तीही फूट ठरली. 'एकजूट परिवार' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. त्यावर फक्त अॅडमिनला लिहिता येतं. अॅडमिन एकच. रोज सकाळी बापू सूर्यफूल पाठवतात, आणि आम्ही सगळे एकजुटीने ते बघतो.

मी भडकले. मी पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. आमच्या घरात भाजीसुद्धा युनियनच्या पत्रकात गुंडाळून यायची. मी तडक बाईंकडे गेले आणि म्हटलं, "बाई, ही हुकूमशाही आहे!"

"घाई नको," बाई म्हणाल्या. "बापू वाईट माणूस नाही. तो घाबरलाय. सगळेच घाबरलेत. अगं, प्लास्टर ओलं असलं की कोणी नुसता हात टेकला तरी आपण ओरडतो ना? तसं असतं. एकी उशिरा आली, वरून आली, की ती ओली असते. जर्मनीचं तेच झालं. देश एक केला तो राजांनी आणि फौजांनी. माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती. पुढे त्यांच्या हातात लोकशाही आली. लोकशाही म्हणजे भांडण. आणि यांना प्रत्येक भांडणात देश मोडल्याचा आवाज यायला लागला. मग एक जण उभा राहिला आणि म्हणाला, भांडणं बंद, मी तुम्हाला एक ठेवतो. लोकांना हायसं वाटलं. इटलीतही थोड्याफार फरकानं हेच."

"पण आपलं?" मी विचारलं. "आपली संस्थानंही उशिराच एक झाली की."

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता प्रशिया. पण त्या हसल्या. "हा प्रश्न चांगला. आपल्याकडे देश एक होत होता तेव्हाच भांडायची जागा आखून दिली, लेखी, आणि मत प्रत्येकाला दिलं. वेगळे आहात, वेगळे राहा, पण इथं येऊन भांडा, असं सांगितलं. म्हणून तगलो. पण ओल कुठं कुठं अजून आहे गं. हात लावला की कळते."

ओल कळायचा दिवस लवकरच आला. या वर्षी सोसायटीची पहिली निवडणूक व्हायची होती. तिच्याऐवजी सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. ठराव असा: एकजूट नवी असल्यामुळे टॉवर उभा राहीपर्यंत निवडणूक घेऊ नये, तोवर कोणाला कोणता मजला आणि कोणती बाजू मिळेल, हे अध्यक्षांनी ठरवावं.

पल्याडच्या चाळीनं नोटीस वाचली. पण सगळ्यांना एकच दिसत होतं: मागची बाजू, खालचे मजले, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. आवारात आजवर मागची बाजू कोणाला मिळत आली, ते सांगायला इतिहासाच्या शिक्षिकेची गरज नव्हती. सोडत काढा, चिठ्ठी उचलून मजला ठरवा, एवढीच बाईंची मागणी. त्या ती घेऊन, जर्मनी, इटली आणि ओलं प्लास्टर समजावत, तिन्ही चाळींत दारोदार फिरल्या. सगळ्यांनी "हो बाई, बरोबर आहे बाई" म्हटलं. आणि प्रत्येक दारातून आतल्या माणसाचा दबका आवाज आला, "आपण कशाला वाईट व्हा?"

मग बापूंनी एक चूक केली. ते गेले बाईंकडे आणि म्हणाले, "बाई, हा ठराव तुम्ही मांडा. तुम्ही पल्याडच्या, वयानं मोठ्या, शिवाय मला पहिल्यांदा चॅन्सेलर तुम्हीच म्हणालात. लोकांना मेसेज जाईल."

बाई म्हणाल्या, "मांडते."

सभेला आवार गच्च भरलं होतं. बाईंनी माईक घेतला, ठराव शब्दन् शब्द वाचला आणि मग म्हणाल्या, "आता मतदान. हात वर करून नको. हात वर करताना माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो. चिठ्ठ्या घालू."

व्यासपीठावर चुळबुळ सुरू झाली. एक जण बापूंच्या कानाला लागला. पण बापू रंगात आले होते. त्यांनी माईक ओढून घेतला. "चिठ्ठ्या तर चिठ्ठ्या! आपली एकी काय कच्ची आहे? बघून घ्या!"

जुन्या कॅलेंडरची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या. पेटी म्हणून वड्यांचं मोठं पातेलं आलं. माणसं एकेक करून कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून काहीतरी खरडून आली. मोजायला सुरेखाकाकी बसली. ती चिठ्ठी उघडायची आणि मालवणी सुरात ओरडायची, "नाय... नाय... होय... नाय... नाय... ह्यां काय लिवल्यान? पंपाची वेळ बदला. ह्यां पण नायच धरा... नाय..."

बापूंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी त्यांनी विचारलं, "आमच्या थोरलीतनंसुद्धा?"

सुरेखाकाकीने चष्म्यावरून बघितलं. "बापूनू, होयवाली मता तुमच्या घरातल्या माणसांपेक्षाय कमी आसत हो."

बापूंनी मागे वळून बायकोकडे बघितलं. त्या पदर सारखा करण्यात गुंतल्या होत्या.

"म्हणजे फुटली," बापू पुटपुटले. माईक चालूच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "एकी फुटली."

"अरे बापू, उलट," बाई म्हणाल्या. "तिन्ही चाळींनी मिळून केलेली ही पहिलीच गोष्ट."

आवार हसलं. भीत भीत नव्हे, पोटातून. बापू उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निवडणुकीच्या पत्रकाचा मसुदा घेऊन बाईंकडे गेले. सोडतीचा मुद्दा मी ठळक केला होता. मला वाटलं, बाई खुशीत असतील. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मसुदा वाचून म्हणाल्या, "छान आहे." एवढंच. मी म्हटलं, "बाई, आपण जिंकलो." त्या म्हणाल्या, "हो गं."

इतक्यात दार धाडकन उघडलं. दारात बापू, हातात मोबाईल, चपला पायातच.

"तुमचं जर्मनीचं सगळं चूक आहे!" बापू ओरडले. "रात्रभर वाचलंय मी. नातीनं काढून दिलं. फ्रान्सचं काय सांगता? आँ? फ्रान्स कधीचा एक! तिथं राजाला उडवला, मग आला सम्राट! मग परत राजे, मग परत लोकशाही, मग परत सम्राट! एकी जुनीपुराणी, तरी लोकशाहीचे हेच हाल! मग ते उशीर न् ओलं प्लास्टर काय घेऊन बसलात?"

मी बापूंना बाहेर काढायला उठले. बाईंनी मला हातानेच थांबवलं. त्या पुढे झुकल्या होत्या आणि त्यांचे डोळे लकाकत होते.

"परत बोल," त्या म्हणाल्या. "फ्रान्सचं."

बापूंनी परत सांगितलं, आणखी मोठ्याने.

"पण बापू, फ्रान्समध्ये राजा आला काय नि सम्राट आला काय, फ्रान्स राहणार की जाणार ही भीती कुणाला नव्हती. म्हणून ते पुन्हा पुन्हा भांडायला परत आले. जर्मनीत..."

"हे तुम्ही आत्ता जुळवलंत!"

"हो!" बाई जवळजवळ ओरडल्या. "आत्ताच जुळवलं! चपला काढ आणि बस. चहा टाकते."

त्या आत गेल्या. बराच वेळ गॅस पेटल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी मागून गेले. बाई ओट्याला टेकून पाठमोऱ्या उभ्या होत्या. पातेलं रिकामंच होतं.

"आमचे तांबे असते तर फ्रान्स पहिल्याच दिवशी काढला असता," त्या मागे न वळता म्हणाल्या. "वर्कशॉपातून आले की डबा घासत घासत वाद घालायचे. माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाही त्या माणसानं. ते गेले, आणि तेव्हापासून सगळे कसे, हो बाई, बरोबर आहे बाई. मान डोलावतात आणि चपला घालतात. काल पातेलंभर माणसांनी माझं ऐकलं ना, तर घरी आल्यावर सांगायला कोणी नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, हे कशावरून?"

बाहेरून बापूंचा आवाज आला, "आणि ते इटलीचं पण मला पटलेलं नाही!"

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि ओरडून सांगितलं, "थांब! आलं किसते, मग बोलू!"

निवडणूक व्हायची आहे. बापू उभे आहेत. मत तुला देणार नाही, असं बाईंनी त्यांना तोंडावर सांगितलंय. तरी ते रोज संध्याकाळी येतात, नवीन देश घेऊन. परवा नातीने स्वित्झर्लंड काढून दिला, तर दोघं जेवायची वेळ टळेपर्यंत हटली नाहीत.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती पत्रकातल्यासारखी वाचून सोडून देऊ नका. तुमच्याही मजल्यावर कोणीतरी असेल, ज्यांच्या प्रत्येक बोलण्याला तुम्ही सोयीने मान डोलावत आलात. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जा. फळं-बिळं नेऊ नका, तब्येत विचारू नका. आत जाऊन बसा आणि सांगा, "तुमचं चुकतंय." नीट तयारी करून जा मात्र. आणि थोडा वेळ काढून जा, लगेच उठू देणार नाहीत.