जिवंत गौरीची अधिकृत विश्रांती

ये गं गौरी, बैस गौरी, टेक झोपाळ्याला पाठ,
सासरच्या घागरीला पाहू दे गं तुझी वाट.

बेंगळुरूच्या बसवनगुडीत चैत्रातल्या दुपारी रस्त्याने चालणाऱ्याला स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा, त्या काळात चंपाअक्का ही ओवी गायच्या. आवाज थोडा घोगरा, पण त्यात गूळ होता. वीतभर पितळी गौर, तिच्या मापाचा झोपाळा आणि एका बोटाने दिलेला झोका. लेक महिनाभर माहेरी आली आहे, तिने काहीही करायचे नाही, एवढाच त्या सणाचा अर्थ. चंपाअक्का गेल्या. ज्यांनी ती ओवी ऐकली ते आता साठीच्या पुढे आहेत आणि बहुतेक सगळे मंडळाच्या कार्यकारिणीवर आहेत.

यंदा नवचैत्र मित्रमंडळाच्या कार्यकारिणीसमोर एक गंभीर विषय आला. गौर काहीच करत नाही, अशी तक्रार होती.

विषय मांडला सुचेताने. ती पुण्याहून नोकरीसाठी आलेली, कंपनीत इतर लोक वेळेवर काम करतात की नाही हे बघणारी, आणि त्याच गुणावर मंडळाची सांस्कृतिक समन्वयक झालेली.

"लास्ट इयरचा फीडबॅक अगदी क्लिअर आहे," ती म्हणाली. "लोक येतात, डाळ खातात, पन्हं पितात, निघून जातात. गौरीसमोर कुणी थांबतच नाही."

"देवी आहे ती," सचिव उल्हासअण्णा म्हणाले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते कुठलेही वाक्य सही केल्यासारखे संपवीत.

"हो, पण स्टॅटिक आहे ना अण्णा."

देवी खरोखरच स्टॅटिक होती. तेव्हा चर्चेअंती ठरले की यंदाच्या हळदीकुंकवाला पितळी गौरीच्या जोडीला एक जिवंत गौर बसवावी. खरीखुरी माहेरवाशीण मोठ्या झोपाळ्यावर बसेल, सर्वांसमक्ष विश्रांती घेईल, आणि परंपरा लोकांना प्रत्यक्ष पाहता येईल.

अडचण पात्रतेची होती. पुण्या-नागपूरहून आलेल्या सुनांचे माहेर पुण्या-नागपूरलाच राहिलेले. जुन्या घरांतल्या लेकी अमेरिकेत. ज्या मुलीचे सासरही बेंगळुरूत आणि माहेरही बेंगळुरूत, अशी एकच सापडली: महिला शाखेच्या अध्यक्षा भाग्यलक्ष्मीअक्कांची भार्गवी. माहेर बसवनगुडी, सासर बेळ्ळंदूर. दोन्ही घरे एकाच शहरात असल्यामुळे मायलेकींची भेट वर्षातून एकदा होई. बेळ्ळंदूरहून निघालेला माणूस जेवढ्या वेळात बसवनगुडीला पोचतो तेवढ्यात मैसूरला जाऊन नाश्ता करता येतो, आणि लोक तेच करतात.

"तुमची हरकत नाही ना अक्का?" उल्हासअण्णांनी विचारले.

अक्कांचा जन्म निपाणीचा, संसार बसवनगुडीचा. त्या म्हणाल्या, "सरी, चालेल. पण बोलावणं मंडळानं धाडायचं. मी नाही."

मंडळाने धाडले. संक्रांतीला भार्गवीच्या कंपनीचे नवे ॲप बाहेर पडणार होते म्हणून ती आली नव्हती, शिवरात्रीला जे बाहेर पडले होते ते परत आत घ्यायचे होते म्हणून आली नव्हती. पण मंडळाचे निमंत्रण थेट तिच्या फोनमधल्या कॅलेंडरात जाऊन बसले, त्याने दोनदा आठवण केली, आणि भार्गवी आली. येताना स्वतःची उशी घेऊन आली.

"आई, मला काही नको. पुरणपोळी नको, साडी नको. नुसती दुपारची झोपू दे. तीन महिने झोपले नाहीये गं."

"झोप की. कोण नको म्हणतंय?"

ती आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच दारावरची घंटा वाजली.

विश्रांती पडताळणी उपसमिती आली होती. जिवंत गौर खरोखर माहेरपण उपभोगते आहे की नाही, याची खात्री झाल्याशिवाय तिला झोपाळ्यावर बसवणे म्हणजे भाविकांची फसवणूक ठरली असती. उपसमितीत सुचेता आणि उल्हासअण्णा होते. दोघांनी खोलीच्या उंबऱ्यातून पाहिले.

"जागीच आहे," उल्हासअण्णा म्हणाले.

"घंटा वाजली म्हणून उठले, काका."

"बघा, बोलतेसुद्धा आहे."

सुचेताने टॅबवर नोंद केली. उपसमिती नियमाला धरून संध्याकाळी पुन्हा आली, सकाळी दूधवाल्याच्या आधी आली, दुपारी जेवणानंतर आली. प्रत्येक वेळी घंटा वाजवली आणि प्रत्येक वेळी उमेदवार जागी आढळली. अहवाल चिंताजनक होता. माहेरी येऊनही मुलगी विश्रांती घेत नव्हती. आजच्या पिढीला विश्रांती घेताच येत नाही, असा निष्कर्ष निघाला, आणि भार्गवीसाठी तातडीने विश्रांती प्रशिक्षण लावण्यात आले. वेळ सकाळी सहा.

प्रशिक्षणात तिला झोपाळ्यावर बसायला शिकवले. पाठ टेकायची, पण मागच्या फुलांची वेणी चुरगळणार नाही इतपत. मान कलती ठेवायची, पण कॅमेऱ्याच्या बाजूला. डोळे मिटायचे नाहीत, फोटोत बेशुद्ध वाटते.

"आणि ताई, स्माइल. माहेरचं स्माइल," सुचेता म्हणाली.

"माहेरचं वेगळं असतं?"

"अगं, निवांत. पण एनर्जेटिक."

पुढे लाड उपसमिती आली. माहेरवाशिणीचे लाड व्हायलाच हवेत, त्यात कुणाचे दुमत नव्हते. घरोघरची कैरी घातलेली डाळ आली, आणि ती जिच्या घरची तिच्या देखत खायची होती. कुणाची आंबट, कुणाची तिखट, कुणाची नुसतीच प्रामाणिक. वाट्यांमागून वाट्या येत राहिल्या. भार्गवीचे दात आंबले, मग जीभ, मग स्वभाव.

"आई, मी बेळ्ळंदूरला परत जाऊ का? तिथे निदान मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून पेंगता येतं."

"स्वल्प दम धर की गं," अक्का खोबरे खवता खवता म्हणाल्या. त्यांनी वर पाहिले नाही. "उद्याचा दिवस. मग झोप."

तो दिवस उजाडला. दाराशी चैत्रांगण रेखलेले, कलिंगडाची कमळे कापलेली, सभागृहात मोगऱ्याचा आणि वाटल्या डाळीचा एकमेकांत गुंतलेला वास. पहाटेपासून बायका उभ्या होत्या. लेकीने काही करायचे नसते हे सिद्ध करण्यासाठी मंडळातली प्रत्येक लेक राबत होती. पुरुष पुढच्या खुर्च्यांवर बसून त्यांच्या कष्टांना दाद देत होते. भार्गवीचा नवरा ध्रुव पहिल्याच रांगेत होता आणि बायको आराम करताना पाहून त्याला भरून येत होते.

झोपाळ्यावर भार्गवी. काठपदर, नथ, आणि सुरक्षेच्या नियमानुसार कमरेला पट्टा. माइकवर उल्हासअण्णा. विषय : स्त्री आणि विसावा.

उल्हासअण्णांचे भाषण पुढे सरकू लागले तसा झोपाळा हलू लागला. खिडकीबाहेर आंब्याच्या झाडात वारा आला, पंख्याने त्याला साथ दिली. भार्गवीची मान आधी कॅमेऱ्याच्या बाजूला कलली, मग कुठल्याच बाजूला राहिली नाही. पापण्या मिटल्या. ओठ किंचित उघडले. त्या क्षणी, मंडळाच्या इतिहासात प्रथमच, गौर माहेरी विसावली होती.

"ताई! डोळे!" सुचेता कुजबुजली. "लाइव्ह आहे!"

भार्गवी दचकली. कुणीतरी तिच्यापुढे माइक धरला. तिने म्हणायचे वाक्य ठरलेले होते : माहेर म्हणजे मनाचा विसावा.

"मला झोप आलीये," भार्गवी म्हणाली. लाउडस्पीकरने ते रस्त्यापर्यंत पोचवले. "मी इथे झोपायला आले होते. दारात रांगोळी, घरात समिती. आई, मला आत्ताच्या आत्ता घरी ने."

उल्हासअण्णांनी कार्यक्रमपत्रिका पाहिली. "आभारप्रदर्शनाआधी गौरीला उठता येणार नाही," ते म्हणाले. "आणि झोपताही येणार नाही. तसं ठरलेलं नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून भाग्यलक्ष्मीअक्का आल्या. हातात डाळ वाढायचा डाव होता. त्या थेट व्यासपीठावर चढल्या आणि लेकीच्या कमरेचा पट्टा सोडू लागल्या.

"अक्का, कार्यक्रम?" सुचेता म्हणाली.

"संपला."

"आणि डाळ कोण वाढणार?" पहिल्या रांगेतून तीनचार पुरुषी आवाज एकदम आले.

अक्कांनी डाव ध्रुवच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, कुठून सुरू होतो ते शोधत.

"तुला माहीत होतं ना गं, हे सगळं असं होणार?" भार्गवीने विचारले. माइक अजून चालूच होता. "पहिल्या दिवशीच नाही म्हणाली असतीस तर? मी झोपले असते की नाही शांत?"

पट्ट्याची कडी अक्कांच्या बोटांना सुटत नव्हती. हाताला कैरीचा चीक होता, कोपरापर्यंत खोबरे उडालेले.

"नाही म्हटलं असतं तर समिती आली नसती, खरं आहे," अक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे कडीवरच होते. "पण मग तूही आली नसतीस की. संक्रांतीला बोलावलं, शिवरात्रीला बोलावलं, तू 'बघते' म्हणालीस. मंडळानं बोलावलं, आलीस. नुसती आई आहे घरात, तेवढ्यासाठी बेळ्ळंदूरहून कोण निघतंय गं?"